तीस घरांची एक गोधडी

मराठीत ‘खण’ हा शब्द कापडालाही आहे आणि घरालाही. ओटीत घालतात तो खण, आणि दोन खांबांमधली जागा मोजायची तोही खण. जुनी माणसं घराचं माप सांगताना ‘पाच खणांचं घर’ असंच सांगत. कापडाच्या तुकड्यांतून घरं उभी करणाऱ्या बायकांबद्दल लिहायला बसले तेव्हा हा शब्द आपोआप आठवला. या बायका मात्र आपल्याकडच्या नाहीत. अमेरिकेतल्या गावोगावच्या ग्रंथालयात, चर्चच्या तळघरात, नाहीतर कुणाच्या तरी मोठ्या जेवणघरात त्या आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा जमतात. उरल्यासुरल्या कापडांतून वीतभर घरं शिवतात, ती एकमेकांना जोडून पांघरूण करतात आणि कधीही न भेटलेल्या माणसाला देऊन टाकतात. गेली काही वर्षं अशाच एका गटात मी जाते आहे. लहानपणी गोधडीत झोपलेली असल्यामुळे हे काम मला माहीत आहे असं वाटलं होतं. गेल्यावर कळलं की बरंच शिकायचं आहे.

क्विल्ट म्हणजे तीन थर. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग, मध्ये कापसाची पातळ सलग लादी, तिला बॅटिंग म्हणतात, आणि खाली अस्तर. हे तिन्ही थर धरून ठेवणारे टाके म्हणजे खरं ‘क्विल्टिंग’. दर्शनी भाग बहुतेक वेळा एकाच मापाच्या चौकोनांचा बनतो. त्या प्रत्येक चौकोनाला ब्लॉक म्हणतात, आणि प्रत्येक ब्लॉकला नाव असतं. बहुतेक ब्लॉक भूमितीतले असतात: तारे, चक्रं, त्रिकोणांच्या रांगा. सरळ कापलेले तुकडे जोडूनच ज्यांत ओळखू येईल असं चित्र तयार होतं, असे ब्लॉक मोजकेच. घर त्यांतलं सगळ्यात लाडकं.

अमेरिकेत घराचा ब्लॉक लोकप्रिय झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत. त्याचं नाव ‘स्कूलहाउस’, म्हणजे शाळेची इमारत. एका बाजूला दाराची त्रिकोणी माथ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला खिडक्यांची लांब भिंत, वर तिरकं छप्पर आणि धुराडी. पांढऱ्या कापडावर लाल शाळांच्या रांगाच रांगा असलेले त्या काळचे क्विल्ट संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात. लालच का, यामागे मला रंगाऱ्याचा हात दिसतो. मंजिष्ठेच्या मुळांतून मिळणारा लाल रंग धुण्यात उतरत नाही, शेजारच्या पांढऱ्यावर पसरत नाही, पण तो काढणं मोठं खटाटोपाचं होतं. १८६८ मध्ये कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं रंगद्रव्य, अलिझारिन, प्रयोगशाळेत तयार केलं आणि पुढे असं लाल कापड स्वस्त झालं. ज्या पांघरुणाला वर्षानुवर्षं धुतलं जायचं आहे, त्यासाठी बाई रंग न सोडणारंच कापड निवडणार.

घराशी नातं सांगणारा दुसरा ब्लॉक म्हणजे ‘लॉग केबिन’, ओंडक्यांची झोपडी. मध्ये एक लहान चौकोन आणि त्याच्याभोवती ओंडके रचावेत तशा पट्ट्या, अर्धा भाग उजळ, अर्धा गडद. मधला चौकोन लाल घ्यायची रीत आहे, ती घरातली चूल. १८६० च्या दशकात हा ब्लॉक पसरला. ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेले लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. या ब्लॉकबद्दल एक गोष्ट फार सांगितली जाते: मधला चौकोन काळा असलेला क्विल्ट दोरीवर वाळत घातलेला दिसला, की पळून जाणाऱ्या गुलामांनी समजावं की या घरात आसरा आहे. १९९९ मध्ये आलेल्या एका पुस्तकाने ही गोष्ट घराघरांत पोचवली. क्विल्टच्या इतिहासकारांना मात्र तिला पुरावा सापडलेला नाही आणि ते ती मान्य करत नाहीत. गोष्ट सुंदर आहे म्हणून मुलांना इतिहास म्हणून सांगू नये, असं माझं मत आहे.

अशीच दुसरी समजूत म्हणजे हे जोडकाम अगदी सुरुवातीपासून गरिबीच्या चिंध्यांतून आलं. अठराव्या शतकात छापील सुती कापड ही चैनीची वस्तू होती आणि त्यातलं बरंचसं भारतातून जायचं. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द म्हणजे आपलं छीट. सधन घरातल्या बायका त्या छिटावरची फुलं-पाखरं कातरून साध्या कापडावर टाकत. तुकड्यांचे क्विल्ट सर्रास होऊ लागले ते पुढच्या शतकात, अमेरिकेतल्या गिरण्यांचं छापील कापड स्वस्त झाल्यावर. टंचाईतून आलेले क्विल्टही आहेतच. १९३० च्या दशकातल्या मंदीत पीठ आणि पशुखाद्य ज्या छापील सुती पोत्यांतून येई, ती पोती उसवून धुऊन बायकांनी झगे शिवले आणि उरलेल्याचे क्विल्ट केले. अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीत कृष्णवर्णीय शेतमजूर बायकांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून पांघरुणं केली. त्यांचा आवडता नमुना ‘हाउसटॉप’, म्हणजे घराचं छप्पर: एकात एक बसलेले चौकोन, जणू आकाशातून पाहिलेलं घर. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन लागलं, २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली. त्या पांघरुणांतल्यासारख्या कामाच्या कपड्यांना इंग्रजीत ‘डंगरीज’ म्हणतात. तो शब्द मुंबईच्या डोंगरीचा. तिथल्या जाड्याभरड्या कापडावरून तो तिकडे गेला.

आता देण्याबद्दल. अमेरिकेत दुसऱ्यासाठी क्विल्ट शिवायला बायका पहिल्यांदा एवढ्या मोठ्या संख्येने बसल्या त्या यादवी युद्धात. जून १८६१ मध्ये ‘सॅनिटरी कमिशन’ स्थापन झालं, सैनिकांच्या इस्पितळांची आणि छावण्यांची व्यवस्था पाहण्यासाठी. त्याच्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांनी पांघरुणं पाठवायला सुरुवात केली. युद्धभर मिळून अडीच लाखांहून अधिक पांघरुणं गेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इस्पितळातल्या अरुंद खाटांना पुरतील अशी ती सुमारे सात फूट लांब आणि चार फूट रुंद असत. मागच्या बाजूला कमिशनचा शिक्का. त्यांतली आज शिल्लक राहिली आहेत ती फारच थोडी, कारण ती वापरली गेली: चिखलात, रक्तात, थंडीत, आणि कितीतरी सैनिकांबरोबर मातीतही.

पहिल्या महायुद्धात वेगळी युक्ती निघाली. डिसेंबर १९१७ मध्ये ‘मॉडर्न प्रिसिला’ या मासिकाने रेडक्रॉससाठी एका क्विल्टचा नमुना छापला. लोकांनी थोडी रक्कम द्यायची आणि आपलं नाव त्यावर भरतकामाने काढून घ्यायचं. पैसे रेडक्रॉसला मिळत. त्याच काळात घरच्यांनी क्विल्ट पांघरावेत आणि लोकरीची ब्लँकेटं सैनिकांसाठी सोडावीत, असंही आवाहन होतं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या रेडक्रॉसच्या बायकांनी शिवलेली पांघरुणं बाँबहल्ल्यांत घरं गेलेल्या ब्रिटिश कुटुंबांपर्यंत पोचली. त्यांचा आकडा चार लाखांच्या आसपास सांगतात.

आजच्या संस्थांची कामं वाटून घेतल्यासारखी आहेत. १९४५ मध्ये सुरू झालेली ‘लुथरन वर्ल्ड रिलीफ’ निर्वासितांसाठी आणि आपत्तीग्रस्तांसाठी क्विल्ट पाठवते. त्यांचं माप ६० गुणिले ८० इंच. २००३ मध्ये कॅथरीन रॉबर्ट्स यांचा मुलगा इराकमध्ये तैनात असताना त्यांनी ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ सुरू केलं, ते युद्धाची झळ बसलेल्या सैनिकांसाठी. आणि मुलांसाठी आहे ‘प्रोजेक्ट लायनस’. १९९५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी डेन्व्हरजवळ राहणाऱ्या कॅरन लूक्स यांनी एका मासिकात कर्करोगाच्या उपचारांतून गेलेल्या लहान मुलीबद्दल वाचलं. आपलं लाडकं पांघरूण कवटाळून तिने ते दिवस काढले होते. लूक्स यांनी डेन्व्हरमधल्या कर्करोगग्रस्त मुलांच्या केंद्राला पांघरुणं बनवून दिली आणि तिथून देशभर शाखा झाल्या. नाव ठेवलं ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतल्या लायनसचं. तो मुलगा आपलं पांघरूण कधी सोडत नाही.

आमच्या गटाने घराचा ब्लॉक निवडला त्याचं कारण शिवणकामातलंच आहे. दहा-बारा जणींची कापडं, आवड आणि हात वेगळे असताना एकच पांघरूण बनवायचं, तर सहसा ते विस्कटलेलं दिसतं. ताऱ्यांच्या ब्लॉकमध्ये एकीचा तारा भडक आणि दुसरीचा फिका आला तर तो दोष वाटतो. घरांचं तसं नाही. कुठल्याच गावात सगळी घरं सारखी नसतात. एक जांभळ्या ठिपक्यांचं, शेजारी चौकड्यांच्या शर्टातून आलेलं, तिसऱ्याला पडद्याच्या फुलांचं छप्पर. हे शेजारीशेजारी ठेवलं की वस्ती दिसू लागते. मात्र त्यासाठी एक-दोन गोष्टी ठाम ठेवाव्या लागतात. आम्ही ब्लॉकची उंची-रुंदी ठरवतो आणि आकाश. आकाशाचं कापड गटातूनच वाटलं जातं, फिकं निळं किंवा पांढुरकं. बाकी सगळं ज्याचं त्याचं. एवढ्या एका समान आकाशाखाली तीस वेगळी घरं सुखाने नांदतात, आणि मी पाहिलेल्या सामूहिक कामांत इतकी शहाणी नियमावली दुसरी नाही.

ज्यांना शिवून पाहायचं आहे त्यांच्यासाठी आमचं साधं घर सांगते. जोडून झाल्यावर ते आठ इंच चौरस भरतं. छपरासाठी साडेआठ गुणिले साडेतीन इंचाची आडवी पट्टी घ्यायची. तिच्या दोन्ही टोकांवर आकाशाच्या कापडाचा साडेतीन इंची चौकोन उलटा ठेवून कर्णावर शिवायचं, कोपरा पाव इंच सोडून कापायचा आणि आकाश उलटवून इस्त्री करायची. छप्पर उतरतं होतं. भिंतीत डावीकडून उजवीकडे पाच उभे भाग: भिंत, दार, भिंत, खिडकी, भिंत. भिंतीच्या तीन पट्ट्या दीड गुणिले साडेपाच. दार अडीच गुणिले साडेचार, त्याच्या डोक्यावर भिंतीचा अडीच गुणिले दीडचा तुकडा. खिडकी साडेतीन गुणिले अडीच, तिच्यावर साडेतीन गुणिले दीड आणि खाली साडेतीन गुणिले अडीचचा भिंतीचा तुकडा. आधी दाराचा आणि खिडकीचा भाग उभा जोडून घ्यायचा, मग पाचही भाग शेजारीशेजारी, आणि शेवटी वर छप्पर. अशी पाच घरं एका रांगेत, सहा रांगा, म्हणजे तीस घरांत ४० गुणिले ४८ इंचाचं लहान मुलाचं पांघरूण होतं.

सगळी मापं शिवणीसाठी चारी बाजूंनी पाव इंच धरून आहेत. या पाव इंचाने मला पहिल्याच दिवशी धडा दिला. माझं घर झालं आणि भिंती छपरापेक्षा अर्धा इंच अरुंद भरल्या. मी प्रत्येक शिवण केसभर, म्हणजे एक सोळांश इंच जास्त घेत होते. शिवणीत दोन तुकडे असतात, म्हणून दर शिवणीला एक अष्टमांश इंच गेला. भिंतीत चार उभ्या शिवणी, म्हणजे अर्धा इंच. छपराची पट्टी सलग, तिथे उभी शिवण नाही, म्हणून ते बरोबर साडेआठ इंचांचं राहिलं. हेच पाच घरांच्या रांगेत झालं असतं तर एकूण चोवीस शिवणींत तीन इंच गेले असते. घराचा ब्लॉक नवशिक्यांना द्यावा असं मला वाटतं ते यासाठीच: चूक कुठे झाली ते तो पहिल्याच ब्लॉकमध्ये दाखवतो.

मापाच्या काटेकोरपणाचा कंटाळा असेल तर दुसरी वाटही आहे. ग्वेन मार्स्टन या शिक्षिकेने १९९६ च्या आपल्या ‘लिबरेटेड क्विल्टमेकिंग’ या पुस्तकात पट्टी-आखणीशिवाय, हाताला येईल तसं कापत जाण्याची रीत शिकवली. अशी घरं कललेली, दारं तिरकी. शेवटी फक्त बाहेरचा चौकोन मापात कापून घ्यायचा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेडी मोरान यांनी भडक रंगांच्या घरांचे क्विल्ट केले आणि १९९९ मध्ये त्यांवर ‘फ्रेडीज हाउस’ हे पुस्तक लिहिलं. लाल रंग कशाशीही जुळतो, हे त्यांचं म्हणणं आमच्या टेबलावर दर वेळी खरं ठरतं.

चिंध्यांबद्दल एक गोष्ट लवकर शिकावी: रंगापेक्षा उजळ-गडद महत्त्वाचं. छप्पर हिरवं आणि आकाश निळं असूनही दोन्ही सारखीच गडद असतील, तर लांबून छप्पर दिसतच नाही. डोळे किलकिले करून पाहावं किंवा मोबाइलवर काळापांढरा फोटो काढावा, लगेच कळतं. तुकडे पिशवीत कोंबून ठेवले तर ते वापरले जात नाहीत, म्हणून आमच्याकडे कापड आलं की त्याच दिवशी दीड, अडीच आणि साडेतीन इंचाच्या पट्ट्या कापून वेगवेगळ्या डब्यांत जातात. हे झटपट होतं ते फिरत्या पात्याच्या कटरमुळे. जपानच्या ओल्फा कंपनीने तो १९७९ मध्ये बाजारात आणला, आणि कातरीने तासभर लागणारं काम दहा मिनिटांवर आलं.

गटात कामाची वाटणी आपोआप होते. कुणी फक्त कापते, कुणी मशीनवर असते, एक जण दिवसभर इस्त्रीपाशी उभी असते. डोळ्यांनी अधू झालेल्या एक आजी तयार ब्लॉक हाताने चाचपून शिवणीचे गोळे शोधतात. त्यांच्या बोटांतून सुटलेला गोळा मी अजून पाहिला नाही.

दर्शनी भाग झाला की लोकांना वाटतं काम झालं. दानाच्या पांघरुणाची खरी परीक्षा पुढे असते, धुलाईयंत्रात. ते अशा घरात किंवा निवाऱ्यात जाणार असतं जिथे कुणी ते हाताने धुऊन सावलीत वाळवत बसणार नाही. म्हणून कापड आधी धुऊन रंग सोडतं का ते पाहायचं. तीन थर टाक्यांनी धरायचे, किंवा जाड दोऱ्याने ठरावीक अंतरावर घट्ट गाठी मारायच्या. गाठींचं काम झपाट्याने होतं. कडेला अडीच इंची पट्टी दुहेरी दुमडून गोट लावायचा, कारण पांघरूण नेहमी कडेपासून विरतं. मणी, बटणं, टिकल्या लहान मुलांच्या कामात कधीच नाहीत. ज्या घरात सिगारेट ओढली जाते तिथे शिवलेलं पांघरूण इस्पितळं घेत नाहीत, कारण वास धुऊनही जात नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण ठेवू नये, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. त्यामुळे नवजात अतिदक्षता विभागात दिलेले छोटे क्विल्ट बहुधा काचपेटीवर टाकले जातात, बाळाच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. हे माहीत असेल तर अस्तर गडद निवडता येतं.

घरांच्या नक्षीबद्दलही असाच विचार करावा लागतो. नव्या घरात राहायला जाणाऱ्या कुटुंबाला घरांची गोधडी द्यावी, यात शंका नाही. वणव्यात किंवा वादळात घर गेलेल्याला ती द्यावी का? मला खूप दिवस वाटे की द्यावी, त्यात आशा आहे. आता मी मधल्या संस्थेला आधी विचारते. पांघरुणावर काय असावं हे त्याखाली झोपणाऱ्याने ठरवायचं.

आपल्या गोधडीची रीत वेगळी. तिच्यात ब्लॉक नसतो, बॅटिंग नसते. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घालत जायचं, आणि वापरून मऊ झालेलं कापडच ऊब देतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या ‘कवंदी’त तर काम कडेपासून सुरू होऊन मध्याकडे जातं, आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची ‘फुला’ लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि तिथून रानात निसटलेल्या माणसांची ही लेकरं. बोली कोकणीच्या जवळची. कोकणीत-मराठीत अंगाईबरोबर अंगावर आलेलं हे पांघरूण आपल्याकडे बहुधा घरातल्याच माणसासाठी शिवलं गेलं. अनोळखी माणसासाठी, पाच जणींनी बसून, मापात शिवण्याची सवय आपल्यात कमी आहे, आणि ती यावी असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी कापड विकत आणायची गरज नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यात ओटीचे खण पडून असतील, या घरातून त्या घरात फिरत राहिलेले. त्यांतले सुती तेवढे वेगळे काढा. शंका आली तर एक दोरा काढून जाळून पाहा: सुती असेल तर भुरभुरीत राख होते, कृत्रिम असेल तर वितळून कडक गोळी होते. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग लागतो का ते बघा. मग जवळच्या बालगृहाला, वृद्धाश्रमाला किंवा इस्पितळाला फोन करून विचारा की पांघरुणं हवी आहेत का, कोणत्या मापाची, आणि तिथे ती कशी धुतात. उत्तर मिळाल्यावरच कातर हातात घ्या.